वासे मोजण्याची विद्या



‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा वाक्प्रचार मराठीत कृतघ्नपणासाठी योजिला जातो. ज्याच्या घरी पोटभर जेवलो त्याच्याच घराच्या आढ्याकडे पाहत त्याच्या ऐपतीचा अंदाज घेणारा पाहुणा कोणाला आवडेल? तरीही आज मी तेच करणार आहे. या शाळेत माझे बालपण गेले, तिचे अन्न मी खाल्ले असे म्हणावयास हरकत नाही, आणि तिचेच वासे मी आपणांसमोर मोजणार आहे. त्याला कारण आहे. शाळेच्या जुन्या सभागृहाचे कौलारू छप्पर उतरवून तेथे पत्रा घालावा की सिमेंटचा स्लॅब, याचा विचार सध्या चालू आहे. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी म्हणून मी उभा नाही. परंतु छप्पर उतरले की त्याचा उतारही नाहीसा होतो, आणि उतार हा माझ्या मते इतिहासाचा एक कागद आहे. तो वाचायचा कसा, एवढेच सांगण्याचा आज प्रयत्न करतो. माझा प्रांत भाषेचा. तेव्हा प्रारंभ शब्दांपासून करणे मला सोयीचे पडेल.

घराच्या छपराची मराठी परिभाषा मोठी संपन्न आहे. सर्वांत उंचावर आडवे असते ते आढे. त्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतात ती पाखी. ‘पाखे’ हा शब्द ‘पक्ष’ म्हणजे पंख यावरून आला. पंख पसरून अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीचे चित्र ज्याने प्रथम या शब्दात पाहिले तो कवीच असला पाहिजे. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरतो तो वासा. याचे मूळ ‘वंश’, म्हणजे बांबू. आज वासा सागवानी असो की फणसाचा, त्याच्या नावात बांबूच आहे. पहिली छपरे कशाची होती हे शब्दाने जपून ठेवले आहे. वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा, रिपांवर कौले. भिंतीबाहेर आलेला पाख्याचा खालचा काठ ती वळचण, आणि तेथून गळणाऱ्या पाण्याच्या धारा त्या पागोळ्या. खांबांवरची ‘तुळई’ ही संस्कृत ‘तुला’, तर गवंड्याच्या हातातला ‘ओळंबा’ हा ‘अवलंब’. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८३१ साली आणि पुढे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, यांतील बहुतेक शब्द नोंदलेले आढळतात. आजच्या विद्यार्थ्यांना यांतले किती ठाऊक आहेत, हे मी विचारीत नाही. पागोळ्या पाहिल्याच नाहीत त्याने तो शब्द कोठून जाणावा?

उताराला मात्र सुतारांच्या बोलीत दोन शब्द आहेत. पाणी ज्या बाजूने जाते त्या बाजूने पाहिले तर ‘ढाळ’, आणि सुतार ज्या बाजूने काम करीत वर जातो त्या बाजूने पाहिले तर ‘चढ’. एकाच रेघेची ही दोन नावे आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. छपरांचा उतार अभ्यासावयाचा तर बेळगावसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल. पश्चिमेस खानापूर तालुक्यात कणकुंबी. सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे गाव प्रचंड पावसाचे. तेथून पूर्वेकडे येऊ लागले की पाऊस झपाट्याने कमी होतो. बेळगाव शहरात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर, आणि पूर्वेच्या टोकाला अथणीकडे गेले तर सहाशेच्या आतबाहेर. या एका जिल्ह्याच्या प्रवासात पाखी हळूहळू आडवी होत जातात. कणकुंबीकडची जुनी घरे पाहिली तर भिंत थोडी आणि छप्परच फार असे वाटते. वळचण इतकी खाली येते की वाकून आत जावे लागते. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत छप्पर आणि भिंत यांचा समझोता झालेला दिसतो. आणि अथणी-विजापूरकडे वळलो की छप्पर आडवेच होते. तेथे माळवद: तुळयांवर लाकडी फळ्या, त्यावर झाडपाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवदालासुद्धा ढाळ असतो, परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी ओतले तरच कळतो. एका जिल्ह्यात एक भाषा की दोन, यावर आपण सत्तर वर्षे भांडत आहोत. पावसाने मात्र तेथे तीन प्रकारची घरे कधीच बांधून टाकली, आणि ती बांधताना कोणाची मातृभाषा विचारली नाही. असो.

पाऊस फार म्हणून उतार फार, एवढे साधे हे गणित नाही. छप्पर कशाचे आहे यावर बरेच अवलंबून असते. गवताच्या केंबळी घराला उभा उतार लागतोच. गवताच्या काडीला पाणी अडविता येत नाही, ते फक्त एका काडीवरून दुसरीवर सोपविता येते, आणि पाणी वळचणीला पोहोचण्याआधी आत मुरू नये यासाठी ते घाईने न्यावे लागते. म्हणून चढ जवळजवळ अर्ध्या गाळ्याइतका, म्हणजे ४५ अंशांच्या घरात, किंवा त्याहूनही अधिक. कुंभाराच्या चाकावर नळकांडे घडवून ते उभे चिरले की जी अर्धगोल नळीची कौले होतात, त्यांची अडचण याच्या उलट आहे. ती नुसती एकमेकांवर टेकलेली असतात. उतार कमी ठेवला तर पाणी आत शिरते आणि फार ठेवला तर कौलच घसरते. दोन्ही बाजूंनी कुंपण असल्याने नळीच्या कौलांची छपरे मध्यम उताराचीच आढळतात, आणि माकडांच्या कृपेने दर वैशाखात घर शाकारावे लागते.

आपल्याकडे एक म्हण आहे की वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. अशक्य गोष्टीसाठी ती वापरतात. कोकणातल्या किंवा खानापूरच्या सुताराला विचारा, तो हसेल. पश्चिमेचा वारा जोरात असला म्हणजे झडीचे पाणी दोन कौलांच्या सांध्यात खालून वर चढते. अरुंद फटीत तर पाणी वाऱ्यावाचूनही थोडे वर ओढले जाते. उतार ठरवायचा तो पडणाऱ्या पाण्यासाठी जितका, तितकाच या चढणाऱ्या पाण्यासाठी. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक कौलाचे शेपूट खालच्या कौलाच्या पाठीवर टेकलेले असते. त्यामुळे कौलाचा स्वतःचा उतार हा वाशाच्या उतारापेक्षा नेहमी थोडा कमीच भरतो. वाशाचा उतार आधीच बेताचा ठेवला असेल तर कौल जवळजवळ आडवे होते, आणि मग घरमालक कौलवाल्याला दोष देत बसतो.

इथवर उतार ‘कमी’ आणि ‘अधिक’ असे मी म्हणत आलो. तो मोजतात कसा? इथे दोन परंपरा आहेत, आणि त्यांची गाठभेट हा माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

शाळेत आपण कोन शिकलो. कंपासपेटीतला कोनमापक सर्वांना आठवत असेल. पण सुतार कोन मोजीत नाही. तो म्हणतो, ‘फुटाला सहा’. म्हणजे आडवे एक फूट गेले की उभे सहा इंच चढायचे. फुटाला सहा, फुटाला आठ, फुटाला नऊ. यात अंश नाहीत आणि कोनमापकही नाही. मोजायला लागते ती पाणसळ, ओळंबा आणि एक फूटपट्टी. पट्टीचे एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवून ती पाणसळीने आडवी धरायची आणि दुसऱ्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच भरतात ते पाहायचे. एवढेच. घरावर न चढता, कौल न हलविता, माजघरात स्टुलावर उभे राहून हे करता येते.

हे माप फार जुने आहे. १८५८ साली अलेक्झांडर हेन्री ऱ्हिंड याने इजिप्तमध्ये विकत घेतलेला, आहमेस नावाच्या लेखकाने इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये उतरवून काढलेला गणिताचा पपायरस प्रसिद्धच आहे. त्यातल्या एका उदाहरणात ३६० हात पाया आणि २५० हात उंची असलेल्या पिरॅमिडचा उतार काढला आहे. तेथील हात सात मुठींचा. उत्तर येते ते असे: एक हात उंच गेले की पाच मुठी आणि एका मुठीचा पंचविसावा भाग इतके आत सरायचे. आपला सुतार एक फूट आडवा जाऊन चढ मोजतो, तो इजिप्शियन एक हात उभा जाऊन आतली सर मोजतो. फरक एवढाच. कोनाचे नाव तेथेही नाही.

मग कोन कोठून आला? तो आकाशातून आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ग्रहांना फुटपट्टी लावता येत नाही. दोन ताऱ्यांमधील अंतर हातांत सांगता येत नाही. ते वर्तुळाच्या अंशांतच सांगावे लागते. म्हणून अंश, कला, विकला ही ज्योतिष्यांची मापे झाली. आर्यभटाने ४९९ साली ज्यांची सारणी दिली, ती पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस मूल्यांची, ती आकाशासाठी होती. घराच्या वाशांसाठी नव्हे.

परंतु आपल्याच ज्योतिषशास्त्रात एक गोष्ट अशी आहे की जिथे ज्योतिषी नकळत सुतारासारखा बोलतो. आपल्याकडचा शंकू, म्हणजे छाया मोजण्यासाठी सपाट जमिनीवर उभी करावयाची खुंटी, बारा अंगुळांचा. विषुवदिनी मध्यान्ही या बारा अंगुळी शंकूची जी सावली पडते तिला त्या गावाची ‘पलभा’ म्हणतात. जुन्या पंचांगांत गावाचे स्थान अक्षांशांत सांगण्याऐवजी पलभेत सांगत. बेळगावची पलभा सुमारे ३ अंगुळे २४ व्यंगुळे येते. पुण्याची जवळजवळ बरोबर ४. हैदराबादची पावणेचार. बडोद्याची पाचाला थोडी कमी, आणि इंदूरची पाचाला अगदी किंचित अधिक. आता या आकड्यांकडे सुताराच्या नजरेने पाहा. बाराला चार, बाराला पाच! ‘फुटाला पाच’ म्हणणारा सुतार आणि ‘पलभा पाच’ म्हणणारा जोशी एकच त्रिकोण बोलत आहेत. इंदुरातल्या एखाद्या घराचे पाखे फुटाला पाच इंच चढाचे असेल, तर त्या वाशाचा जमिनीशी होणारा कोन आणि इंदूरचे अक्षांश हे जवळजवळ एकच, साडेबावीस अंशांहून थोडे अधिक. इंच ही इंग्रजांची आणि अंगुळे ही आपली, हे खरे. पण प्रमाणाला इंच-अंगुळांचे सोयरसुतक नसते. बाराला पाच ते बाराला पाच.

बारा हा आकडा दोघांनीही का धरला असावा? बाराचे भाग पुष्कळ पडतात, हे एक कारण सर्वांना सुचेल. मला दुसरे अधिक मोलाचे वाटते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम सांगून ज्या जोड्यांत तो उघड दिसतो त्या दिल्या आहेत. तीन आणि चार, बारा आणि पाच, पंधरा आणि आठ, सात आणि चोवीस, बारा आणि पस्तीस, पंधरा आणि छत्तीस. या प्रत्येक जोडीचा कर्ण पूर्णांकात येतो. आता फुटाला पाच इंच चढ घेतला तर आडव्या फुटामागे वासा किती लागेल? बरोबर १३ इंच. फुटाला नऊ घेतला तर? बरोबर १५ इंच, कारण ९, १२, १५ म्हणजे तीन, चार, पाचच. मधले आकडे घेऊन पाहा. फुटाला सहाला वासा १३ इंचांहून जवळजवळ अर्ध्या इंचाने अधिक येतो, फुटाला आठला साडेचौदाच्या किंचित आत. हिशेब सुटत नाही, वर्गमूळ काढीत बसावे लागते. इंग्रजी फुटाच्या आधी आपल्याकडे चोवीस तसूंचा गज होता. त्यात तर आणखी सोय. गजाला दहा तसू चढ तर वासा २६ तसू, गजाला अठरा तर ३०, आणि गजाला सात तर बरोबर २५. यज्ञवेदीच्या विटा रचणाऱ्या ऋत्विजाला जी जोडी लागत होती, ती वासा कापणाऱ्यालाही तितकीच उपयोगी. लाकूड कापण्यापूर्वी त्याची लांबी चुकवून चालत नाही, आणि कापल्यावर ती वाढविता येत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतले मोडलेल्या वेळूचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले; तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. उरलेला तुकडा वीस हातांचा. शिक्षक हे फळ्यावर सोडवून घेतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. पण या आकृतीकडे क्षणभर नीट पाहा. उभा बारा हातांचा बुंधा म्हणजे आढ्याखालचा खांब. तिरपा वीस हातांचा तुकडा म्हणजे वासा. आडवे सोळा हात म्हणजे अर्धा गाळा. सोळाला बारा, म्हणजे फुटाला नऊ. वाऱ्याने वेळू मोडला नाही, त्याने अर्धे छप्परच उभे केले! आणि वेळूचे संस्कृत नाव वंश. वंशाचाच वासा, हे मी मघाशी सांगितले. भास्कराचार्यांच्या मनात छप्पर होते असा माझा दावा नाही. शब्द आणि आकृती एकाच ठिकाणी येऊन भेटतात, हे दाखविल्यावाचून मात्र राहवत नाही.

भास्कराचार्यांचे नाव निघाले तेव्हा एक आडवाट घेतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भाऊ दाजी यांना जो शिलालेख आढळला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची आणि त्याला १२०७ साली मिळालेल्या दानांची नोंद आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार मात्र जुन्या मराठीत. शास्त्र संस्कृतात आणि धान्य-तेलाचे हिशेब मराठीत, ही वाटणी तेव्हापासूनची. सुताराचा उतार या वाटणीत दुसऱ्या बाजूला पडला. तो ना संस्कृतात गेला, ना मराठीत लिहिला गेला. तो हातातून हातात गेला.

दक्षिणेत थोडे निराळे घडले. मयमतात छपराच्या वाशांचा, त्यांना तेथे ‘लुपा’ म्हटले आहे, स्वतंत्र विचार आहे. केरळात तर पंधराव्या शतकातला तंत्रसमुच्चय आणि सोळाव्या शतकातली मनुष्यालयचंद्रिका हे ग्रंथ घराच्या मापांचा सूक्ष्म विचार करतात. जेथे पाऊस सर्वांत जास्त आणि गणिताची परंपराही सर्वांत जिवंत होती, तेथे सुताराचा हिशेब श्लोकबद्ध झाला, हा योगायोग मानायला मी तयार नाही. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात पाऊस तितकाच, सुतारही तितकेच कुशल. पण ज्याला श्लोक रचता येत होते तो आणि ज्याला वासा कापता येत होता तो एका पंगतीला बसत नव्हते. शंकूचे बारा आणि फुटाचे बारा एकमेकांना ओळखू शकले नाहीत, यामागे गणित नाही, समाज आहे.

जे पोथीत लिहिले गेले नाही ते क्वचित दगडात लिहिले गेले. बेळगावहून बदामीच्या वाटेने ऐहोळेला गेलात तर ‘लाडखान’ नावाने ओळखले जाणारे देऊळ पाहा. चालुक्यकाळातल्या या देवळाच्या मंडपावर दगडी फरशांचे उतरते छप्पर आहे, आणि दोन फरशांच्या सांध्यांवर लाकडी पट्ट्यांसारख्या दगडी पट्ट्या बसविल्या आहेत. दगडाला त्या रूपाची गरज नव्हती. लाकडाची सवय दगडात उतरली. अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेवाच्या देवळाच्या मंडपावरही अशाच उतरत्या शिळा आहेत. भटकळच्या देवळांत हेच दिसते. लाकडी छपरे कुजून गेली, त्यांचा ढाळ या शिळांनी राखला. पुरातत्त्वाचे अभ्यासक या देवळांतील मूर्ती मोजतात, स्तंभ मोजतात. शिळांचा उतारही फुटाला किती हे लिहून ठेवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

सुताराच्या विद्येतला मला सर्वांत आवडणारा भाग कोनवाशाचा. चारही बाजूंना पाखी उतरणाऱ्या घरात कोपऱ्यावर जो लांब वासा येतो तो कोनवासा. त्याची लांबी काढणे हे कसोटीचे काम, कारण तो आडव्या प्रतलातही तिरपा आणि उभ्या प्रतलातही तिरपा. फुटाला सहाच्या छपरात साधा वासा वर्गमुळात अडकतो, हे आपण पाहिले. पण त्याच छपरात कोनवासा किती येतो? अर्धा गाळा आठ फूट धरा. चढ चार फूट. आठाचा वर्ग चौसष्ट, तो दोनदा, आणि चाराचा वर्ग सोळा. बेरीज एकशे चव्वेचाळीस. मूळ बारा. अर्ध्या गाळ्याच्या बरोबर दीडपट! गाळा कितीही असो, फुटाला सहाच्या छपराचा कोनवासा नेहमी दीडपटच येतो. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ‘दीड’ येते. लीलावतीतल्या पद्धतीने हे चटकन सिद्ध करता येईल, आणि नववीच्या मुलांना ते अवश्य करायला द्यावे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हे त्यामागचे नाव. एकमेकांत अडकणारे कौल फ्रान्समध्ये अल्साससारख्या भागात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली आणले होते. त्याच घराण्यातले हे मंगळुरी कौल. मागे नाक असलेले, रिपेला अडकणारे, कडांना खाचा असलेले, शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे पुरणारे. नळीच्या कौलाप्रमाणे ते घसरत नाही आणि सांध्यातून सहजी गळत नाही. मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारा लोहमार्ग १८८८ च्या सुमारास सुरू झाला, आणि समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला बेळगाव-धारवाडची वाट खुली झाली. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले, तोवर ‘मंगळुरी’ हे विशेषनाम राहिले नव्हते, सामान्यनाम झाले होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची कौले उतरविताना त्यांच्या पोटावर ठशात उमटलेली कारखान्याची नावे सापडतात. ती फेकू नयेत.

या कौलाने उतारालाही एका साच्यात आणले. कारखान्यातून येणारे प्रत्येक कौल सारखे, म्हणून रिपांमधील अंतर सारखे, म्हणून उतारही सारखा. दुसरीकडे पुण्यास १८५४ साली सरकारने बांधकाम खात्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग काढला, आणि तेथून शिकून निघालेल्या ओव्हरसियरच्या नकाशात उतार अंशांनी आणि गुणोत्तरांनी दाखविला जाऊ लागला. तो नकाशा हातात घेऊन आलेला ओव्हरसियर आणि ‘फुटाला सहा’ म्हणणारा मेस्त्री, दोघे एकाच छपराखाली उभे राहिले. अंश आणि इंच यांत एक फसवा भाग आहे. ४५ अंश म्हणजे फुटाला बारा. मग साडेबावीस अंश म्हणजे फुटाला सहा, असे कोणीही घाईत म्हणेल. प्रत्यक्षात ते पाचहून कमी भरते. फुटाला सहासाठी साडेसव्वीस अंश लागतात. कोन निम्मा केला की चढ निम्मा होत नाही, निम्म्याहून खाली जातो. छपराच्या बाबतीत हा एका इंचाचा फरक म्हणजे गळके आणि न गळणारे घर यांतला फरक.

आता पुन्हा आपल्या सभागृहाकडे येतो. गेल्या महिन्यात नववीच्या काही मुलींनी गणिताच्या बाईंच्या देखरेखीखाली, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ घेऊन, त्याची मापे घेतली. गाळा २० फूट, म्हणजे अर्धा गाळा १०. भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत साडेसात फूट. वासा, वळचणीचा भाग सोडून, साडेबारा फूट. दहाला साडेसात म्हणजे फुटाला नऊ, म्हणजे तीन, चार, पाच. पडवीचे पाखे मात्र निराळे. आडवे सहा फूट, उतार अडीच फूट, वासा साडेसहा फूट. फुटाला पाच, म्हणजे पाच, बारा, तेरा. ज्या कोणी हे छप्पर बांधले त्याने दोन उतार निवडले आणि दोन्ही असे निवडले की एकही लाकूड वर्गमुळात अडकू नये. पडवीला उतार कमी का केला, याचेही उत्तर मापांत आहे. भिंतीचा माथा दहा फुटांवर. नवाचाच उतार पुढे नेला असता तर पडवीची वळचण साडेपाच फुटांवर आली असती आणि थोराडांची डोकी आपटली असती. आता ती साडेसात फुटांवर आहे. किंमत मोजावी लागली ती सांध्याला: मोठे पाखे आणि पडवीचे पाखे जेथे मिळतात त्या रेषेतच दर पावसाळ्यात गळते, आणि तेथील रीप तीनदा बदललेली दिसते.

पत्र्याचा जो प्रस्ताव आहे त्यात चढ फुटाला साडेतीन इंच ठेवला आहे. पत्र्याला तो चालतो. नालीदार पत्र्याचा शोधच मुळी कमी उतार चालावा म्हणून फार उपयोगी पडला. गजाला सात तसू, म्हणजे बौधायनाची सात-चोवीसची जोडी येथेही आहेच, प्रस्ताव करणाऱ्यांच्या मनात ती नसली तरी. वासा साडेबाराऐवजी दहा फूट पाच इंचांचा होईल, सामानात सहावा हिस्सा वाचेल. त्याचबरोबर आढे साडेचार फुटांहून अधिक खाली येईल. भिंतीच्या माथ्यावरच्या त्रिकोणात आज ७५ चौरस फूट हवा आहे, ती २९ वर येईल. एप्रिलमध्ये परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या डोक्यावर तापलेला पत्रा तितका जवळ येईल. खर्चाच्या तक्त्यात हा आकडा नाही, म्हणून येथे सांगितला. निर्णय मंडळाचा आहे.

एक गोष्ट अजून मोजून झालेली नाही. आढ्याजवळ दोन बाजूंचे वासे जेथे एकमेकांत बसवले आहेत, त्या जोडांवर पटाशीने कोरलेल्या खुणा खालून अर्धवट दिसतात. त्या जोडांचे आकडे असावेत. कोणत्या लिपीत, हे कौले असेतोवर कळणार नाही. छप्पर बदलो वा न बदलो, या वैशाखात शाकारणीसाठी वरची तीन ओळींची कौले उतरणार आहेत. ती पुन्हा चढण्यापूर्वी दोन दिवस मिळतील. तेवढ्यात शिडी, कागद, पेन्सिल आणि कॅमेरा घेऊन चार मुले आणि एक जाणता सुतार वर गेला पाहिजे.